महाकाय निलगिरी: ओळख, वाढ आणि उंची मोजण्याची रीत

महाराष्ट्रात बांधावर किंवा रस्त्याच्या कडेला दिसणारी निलगिरी सडपातळ असते आणि काही वर्षांतच तिची तोड होते. त्यामुळे याच वंशातील एक जाती शंभर मीटरपर्यंत वाढते, हे सांगूनही पटत नाही. ही जाती म्हणजे युकॅलिप्टस रेग्नन्स. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात तिला ‘माउंटन अ‍ॅश’ म्हणतात, तर टास्मानियात ‘स्वॅम्प गम’. फर्डिनंड फॉन म्यूलर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. टास्मानियातील ‘सेंच्युरियन’ हा या जातीचा वृक्ष २००८ मध्ये विमानातून केलेल्या लेसर सर्वेक्षणात सापडला आणि नंतरच्या मोजणीत त्याची उंची १००.५ मीटर भरली. सपुष्प वनस्पतींमध्ये त्याच्या बरोबरीला येणारा वृक्ष म्हणजे मलेशियातील सबा येथील पिवळा मेरांती, त्याची १००.८ मीटर उंची २०१९ मध्ये जाहीर झाली. याहून उंच आहेत ते कॅलिफोर्नियाचे रेडवुड, पण ते सूचिपर्णी असल्यामुळे त्यांचा गट वेगळा आहे.

मेलबर्नमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही जंगले दोन-अडीच तासांच्या आत गाठता येतात आणि भारतातून येणारे पाहुणेही आवर्जून तिथे नेले जातात. पाहणारा बहुधा मान वर करून उंचीचा आकडा विचारतो. त्या आकड्यामागे आग, पाणी आणि प्रकाश यांचा शेकडो वर्षांचा हिशेब असतो, आणि तो समजल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून या लेखात मोजणीची रीत शेवटी ठेवली आहे. आधी झाड ओळखावे, मग जागा वाचावी, मग वय अजमावावे आणि त्यानंतरच कोनमापक हातात घ्यावा.

पहिली पायरी: झाडाची जात निश्चित करणे

निलगिरी वंशात सातशेच्या आसपास जाती आहेत आणि एकट्या टास्मानियात त्यांपैकी पाच जातींची झाडे ऐंशी मीटरच्या पुढे गेलेली आहेत. त्यामुळे ‘उंच आहे, म्हणजे माउंटन अ‍ॅशच’ असे गृहीत धरता येत नाही. ओळखीची सुरुवात सालीपासून करावी. माउंटन अ‍ॅशच्या बुंध्याला तळापासून काही मीटरपर्यंत, मोठ्या झाडांत पंधरा-वीस मीटरपर्यंतही, तपकिरी, तंतुमय आणि खरखरीत साल असते. तिच्यावरचे खोड मात्र गुळगुळीत, पांढुरके किंवा हिरवट करडे दिसते आणि वरच्या भागातून सुटलेल्या सालीच्या लांबच लांब पट्ट्या फांद्यांत लोंबत राहतात. मेसमेट म्हणजे युकॅलिप्टस ऑब्लिक्वा या जातीत खरखरीत साल फांद्यांपर्यंत चढलेली असते. अल्पाइन अ‍ॅशमध्ये ती साधारण अर्ध्या खोडापर्यंत जाते, आणि ती जाती अधिक उंचावर, हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या पट्ट्यात वाढते.

सालीवरून शंका राहिली तर जमिनीवर पडलेल्या डहाळ्या पाहाव्यात. पाने डोक्यावर कितीतरी मीटर उंच असल्याने पाहण्यासारखे जे काही असते ते वाऱ्याने खाली आणलेलेच असते. माउंटन अ‍ॅशच्या कळ्या पानाच्या बगलेत साधारण नऊ ते पंधराच्या झुबक्यांनी येतात आणि एकाच बगलेत बऱ्याचदा दोन झुबके जोडीने असतात. ही जोडी ओळखीची उत्तम खूण आहे. मॅना गममध्ये कळ्या तीन-तीनच्या गटात असतात, शायनिंग गममध्ये सातच्या, आणि ब्ल्यू गममध्ये मोठी, खडबडीत, निळसर पांढरी कळी बहुधा एकेकटी असते. माउंटन अ‍ॅशची फुले पांढरी असून मार्च ते मे या काळात, म्हणजे तिथल्या शरद ऋतूत येतात. बोंड सेंटिमीटरभरही नसते आणि त्यातील बी दोन-तीन मिलिमीटरचे असते. एवढ्या मोठ्या वृक्षाचे बी इतके बारीक असावे, याला कारण आहे. ते पुढे येईल.

दुसरी पायरी: जागा वाचणे

महाकाय झाड कुठेही उभे राहत नाही. व्हिक्टोरियातील मध्यवर्ती डोंगररांगा, ओटवे आणि स्ट्रेलेकीच्या टेकड्या, टास्मानियातील ह्युऑन, डरवेंट आणि स्टिक्स या नद्यांची खोरी, ही त्याची घरे. या सर्व ठिकाणी वर्षाला साधारण हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो वर्षभर विभागून पडतो. हवा थंड राहते, धुके असते, आणि माती खोल, भुसभुशीत व पाणी धरून ठेवणारी असते. एकाच डोंगरावर फिरतानाही हा फरक जाणवतो. दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे तोंड असलेले, वाऱ्यापासून आडोशाला असलेले उतार आणि ओढ्यांच्या घळी इथे झाडे सर्वांत उंच असतात, तर उत्तरेकडच्या, उन्हाने तापणाऱ्या धारेवर तीच जाती ठेंगणी राहते किंवा दुसऱ्या जातींना जागा देते. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून तापवतो, हे भारतातून गेलेल्याने लक्षात ठेवावे.

झाडाखाली काय वाढते, तेही पाहावे. उंच वृक्षनेचे आणि ओलसर शेवाळ असेल तर जमिनीत ओल टिकून आहे. सिल्व्हर वॉटल या बाभळीच्या कुळातील झाडाची दाटी असेल तर तिथे तुलनेने अलीकडच्या काळात आग येऊन गेली असण्याची शक्यता मोठी. मर्टल बीच आणि सॅसफ्रास या वर्षावनातल्या सदाहरित झाडांची गर्द सावली पसरली असेल तर तिथे फार दीर्घ काळ मोठी आग लागलेली नाही.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो: हे झाड आपल्याकडे लावता येईल का? महाबळेश्वरला पाऊस हजार मिलिमीटरच्या कितीतरी पट पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे सात-आठ महिने जमीन कोरडी पडत जाते. शिवाय जांभ्या दगडावरची माती उथळ असते. माउंटन अ‍ॅशला पावसाची वार्षिक बेरीज पुरत नाही, बारमाही ओल लागते. उटीच्या डोंगरांवर १८४३ पासून ज्या निलगिरीची लागवड सुरू झाली ती टास्मानियाची ब्ल्यू गम होती, आणि महाराष्ट्रात शेतकरी लावतात ती मुख्यतः टेरेटिकॉर्निस जातीची व तिच्या संकरांची झाडे, जी कोरडा काळ सोसतात. माउंटन अ‍ॅश परदेशी रुजते ती थंड, दमट प्रदेशातच. न्यूझीलंडमधील सर्वांत उंच झाड म्हणजे ड्युनेडिन शहराजवळ ओरोकोनुई येथे लावलेली माउंटन अ‍ॅशच आहे आणि तिने ८० मीटरची उंची ओलांडली आहे.

तिसरी पायरी: वाढीचा क्रम समजून घेणे

बहुतेक निलगिरी आगीत होरपळल्या तरी पुन्हा फुटतात, कारण त्यांच्या सालीखाली खोलवर सुप्त अंकुर असतात आणि अनेक जातींत जमिनीलगत लाकडी गाठही असते. माउंटन अ‍ॅशला ही गाठ नसते, साल पातळ असते आणि खोडावरून फुटण्याची क्षमता कमकुवत असते. तीव्र आगीत ती मरते. जातीचा सर्व भरवसा शेंड्याजवळच्या बोंडांत साठवलेल्या बियांवर असतो. आगीच्या धगीने बोंडे सुकून उघडतात आणि पुढच्या काही आठवड्यांत राखेने झाकलेल्या जमिनीवर बियांचा वर्षाव होतो. ही जमीन त्या क्षणी अनुकूल असते: वरचे छत जळाल्याने पूर्ण ऊन मिळते, राखेतून पोषकद्रव्ये सुटी होतात, आणि मातीतील बुरशी व स्पर्धक वनस्पती काही काळ मागे हटलेल्या असतात. रोपाला सावली सोसत नसल्याने दाट जंगलाच्या पोटात, आग न लागता, त्याला मोठे होणे जवळजवळ अशक्य असते. बी बारीक असण्याचे कारण इथेच आहे. मोजकीच मोठी रोपे वाढवण्यापेक्षा, संधी मिळेल तेव्हा अफाट संख्येने रुजणे या जातीला फायद्याचे ठरते.

ही संख्या किती असते? मोठ्या आगीनंतर हेक्टरी २५ लाखांपर्यंत रोपांची नोंद झालेली आहे. त्यानंतर सुरू होते ती प्रकाशासाठीची स्पर्धा. निलगिरीच्या वाढत्या अंकुरांवर संरक्षक खवले नसतात. हवामान परवानगी देते तोवर ते वाढतच राहतात, त्यामुळे सुरुवातीच्या दशकांत झाड वर्षाला मीटरहून अधिक उंची गाठते. जे मागे पडते त्याला ऊन मिळत नाही आणि ते वाळते. पन्नास वर्षांत चांगल्या जागेवरचे झाड ६५ मीटरपर्यंत पोचू शकते. प्रौढ जंगलात हेक्टरी तीस-चाळीस झाडेच उरतात. पूर्ण वाढलेल्या माउंटन अ‍ॅशचा बुंधा इतका सरळ आणि खालचे खोड इतके फांदीविरहित का, याचे उत्तर या तरुणपणीच्या दाटीत आहे. सावलीत गेलेल्या खालच्या फांद्या झाड टाकून देते.

उंचीची वाढ पुढे मंदावते आणि शतकभराच्या वयानंतर ती जवळपास थांबते, पण झाड वाढायचे थांबत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ स्टीफन सिलेट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रेग्नन्स आणि रेडवुड या दोन्ही जातींच्या झाडांवर चढून मोजमापे घेतली आणि असे दाखवले की मोठी, वयस्क झाडे दरवर्षी जे नवे लाकूड घालतात त्याचे प्रमाण उतारवयापर्यंत वाढतच जाते. ‘जुने झाड वाढत नाही, म्हणून तोडले तरी चालते’ हा युक्तिवाद ज्यांना अजून ऐकवला जातो त्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. २००९ मध्ये व्हिक्टोरियातील ओ’शॅनसी पाणलोट क्षेत्रातील जुन्या माउंटन अ‍ॅश जंगलात हेक्टरी १,८६७ टन कार्बन साठलेला असल्याचे प्रसिद्ध झाले. त्या वेळी ज्ञात असलेल्या जगातील सर्व जंगलांत हा आकडा सर्वांत मोठा होता.

मग उंचीला मर्यादा का पडते? पाणी मुळांकडून पानांपर्यंत नेणारा कोणताही पंप झाडात नाही. पानांच्या रंध्रांतून पाण्याची वाफ होते, त्या ओढीने जलवाहिन्यांतील पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचला जातो. दर दहा मीटर उंचीला केवळ गुरुत्वाकर्षणावर मात करण्यासाठी साधारण एका वातावरणाइतका, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका, ताण लागतो. म्हणजे शंभर मीटरवरच्या पानाला, वाहिन्यांतील घर्षण जमेस न धरताही, दहा वातावरणांइतक्या ताणाखाली जगावे लागते. ताण फार वाढला तर स्तंभात हवेचे बुडबुडे शिरून तो तुटतो. म्हणून शेंड्याकडची पाने लहान आणि जाड होतात, रंध्रे लवकर मिटतात आणि अन्ननिर्मिती घटते. शिवाय शेंडा इतरांच्या वर गेला की वारा आणि वीज त्याला गाठतात. इतर सर्व अनुकूल असूनही अनेक जुन्या झाडांची उंची कमी भरते, ती शेंडा मोडल्यामुळे.

या जातीचे आयुष्य साधारण चारशे वर्षांचे. एवढ्या काळात आग एकदाही आली नाही तर वरची झाडे म्हातारपणाने पडतात आणि खालचे वर्षावन जागा घेते. उलट एका आगीनंतर वीसेक वर्षांच्या आत दुसरी तीव्र आग आली तर रोपांना बी धरण्याइतके वय आलेले नसते, जमिनीतही बी फार काळ टिकत नाही, आणि त्या जागेवरून ही जातीच नाहीशी होऊ शकते. महाकाय झाड हवे असेल तर दोन तीव्र आगींमध्ये शतकांचे अंतर हवे. तापत्या हवामानात नेमके हेच अंतर कमी होत चालले आहे. मला या विषयात सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची.

मेलबर्नच्या नळाचे पाणीही या हिशेबात येते. शहराच्या मुख्य पाणलोट क्षेत्रांचा मोठा भाग याच जंगलांनी व्यापलेला आहे. आगीनंतर वाढणारे तरुण, दाट जंगल जुन्या जंगलापेक्षा खूप अधिक पाणी पिते. त्यामुळे ओढ्यांतून येणारे पाणी आगीनंतरच्या दोन-तीन दशकांत निम्म्यापर्यंत घटू शकते आणि पूर्ववत व्हायला शतकाहून अधिक काळ लागतो. जलशास्त्रज्ञ जॉर्ज कुझेरा यांनी १९८० च्या दशकात हा संबंध आलेखाने मांडला आणि पाणी नियोजनात तो आजही वापरला जातो.

चौथी पायरी: वय अजमावणे

खोडातील वर्तुळे मोजून वय काढणे इथे भरवशाचे नाही. जुन्या झाडांचा गाभा बहुधा कुजून पोकळ झालेला असतो, आणि जिवंत झाडाला भोक पाडणे तर सर्वस्वी टाळावे. त्याऐवजी त्या भागातील आगींचा इतिहास पाहावा. १३ जानेवारी १९३९ चा ‘ब्लॅक फ्रायडे’ वणवा व्हिक्टोरियाच्या अ‍ॅश जंगलांच्या फार मोठ्या भागातून गेला, आणि आज रस्त्यालगत दिसणारी एकसारख्या जाडीची, सरळ, दाट झाडे बऱ्याच ठिकाणी त्याच वर्षी रुजलेली आहेत. ७ फेब्रुवारी २००९ च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’ने किंगलेक आणि मेरीज्‌व्हिल परिसरातील जंगल जाळले, त्यात वॉलबी क्रीक येथील सुमारे तीनशे वर्षांचे जंगलही गेले, जिथे मेलबर्न विद्यापीठाचे डेव्हिड अ‍ॅश्टन यांनी या जातीचा अनेक दशके अभ्यास केला होता. तिथे आज दिसतात ती जळालेली पांढरी खोडे आणि त्यांच्या पायथ्याशी नव्या पिढीची दाटी.

एकसारख्या झाडांत एखादे दुप्पट जाडीचे, शेंडा मोडलेले, ढोल्या असलेले आणि पायथ्याशी जुन्या आगीची काळी खोबण असलेले झाड दिसले तर ते आधीच्या पिढीचे आहे, सौम्य आगीतून वाचलेले. खोडात प्राण्यांना राहण्याजोग्या ढोल्या साधारण १२० वर्षांच्या वयानंतर तयार होऊ लागतात, म्हणून ढोली ही वयाची चांगली खूण आहे. लेडबीटर पॉसम हा झाडांवर राहणारा छोटा पिशवीधारी प्राणी, व्हिक्टोरियाचा राज्यप्राणी, या ढोल्यांवर अवलंबून आहे. तो नामशेष झाला असे मानले जात असताना १९६१ मध्ये कंबरव्हिलजवळ पुन्हा आढळला. नैसर्गिक जंगलांतील लाकूडतोड व्हिक्टोरियाने १ जानेवारी २०२४ पासून बंद केली. पण आज उभ्या असलेल्या १९३९ च्या पिढीला पुरेशा ढोल्या यायला अजून अनेक दशके लागतील.

पाचवी पायरी: घेर आणि उंची मोजणे

घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर मोजावा आणि उतार असेल तर ही उंची वरच्या बाजूच्या जमिनीपासून धरावी. फीत खोडाच्या अक्षाला काटकोनात राहिली पाहिजे. जुन्या झाडांचा पाया पन्हाळी पडून पसरलेला असतो आणि फीत त्या खाचांवरून ताणली गेल्याने घेर वास्तवापेक्षा जास्त येतो. अशा वेळी खाचा जिथे संपतात तिथला अंदाजही वेगळा नोंदवावा. पूर्वीचे लाकूडतोडे याच पसरट भागाच्या वर पोचण्यासाठी खोडात खाच पाडून फळी रोवत आणि तिच्यावर उभे राहून करवत चालवत. जुन्या बुंध्यांवर त्या खाचा अजून दिसतात. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. व्हिक्टोरियातील पॉवेलटाउनजवळच्या ‘एडा ट्री’चा घेर सुमारे १५ मीटर आहे, म्हणजे व्यास जवळपास ४.८ मीटर. कठडा किंवा लाकडी मार्गिका असलेल्या झाडापाशी ती ओलांडू नये. मुळे उथळ असतात आणि पावलांनी माती घट्ट झाली की त्यांचा श्वास कोंडतो. अशा ठिकाणी फलकावरचा घेर घ्यावा.

उंचीसाठी झाडापासून शक्य तितके दूर, निदान झाडाच्या उंचीइतके अंतर ठेवून उभे राहावे. नेहमीची रीत अशी: झाडापर्यंतचे आडवे अंतर मोजावे, कोनमापकाने शेंड्याचा आणि बुंध्याचा कोन घ्यावा आणि दोन्ही कोनांच्या स्पर्शिका (tan) अंतराने गुणून बेरीज करावी. समजा अंतर ८० मीटर, शेंड्याचा कोन वर ४५ अंश आणि बुंध्याचा कोन खाली ५ अंश आहे. ४५ अंशांची स्पर्शिका १, म्हणून वरचा भाग ८० मीटर; ५ अंशांची ०.०८७५, म्हणून खालचा भाग ७ मीटर. एकूण ८७ मीटर.

ही रीत शेंडा बुंध्याच्या अगदी वर आहे असे गृहीत धरते, आणि मोठ्या झाडांत ते क्वचितच खरे असते. वरच्या उदाहरणात शेंडा आपल्याकडे ८ मीटर झुकलेला असेल तर त्याचे आपल्यापासूनचे आडवे अंतर ८० नव्हे, ७२ मीटर आहे. म्हणजे खरी उंची ७२ अधिक ७, एकूण ७९ मीटर. एका झुकावामुळे ८ मीटरची चूक झाली. दुसरी चूक अशी होते की जवळच्या फांदीचे टोक शेंड्यासारखे दिसते आणि उंची आणखी फुगते. एकोणिसाव्या शतकात व्हिक्टोरियातून येणाऱ्या चारशे फुटांच्या वरच्या बातम्या याच कारणांनी आणि निव्वळ अंदाजांनी भरलेल्या होत्या. त्या काळातील विश्वासार्ह मानली जाणारी मोठी नोंद गिप्सलँडमधील थॉर्पडेल येथील झाडाची आहे: एका भूमापकाने मोजलेली ११४.३ मीटर.

म्हणून लेसर अंतरमापक मिळत असेल तर स्पर्शिकेऐवजी ज्येची (sin) रीत वापरावी. तीत झाडापर्यंतच्या आडव्या अंतराची गरज नसते. शेंड्याच्या टोकापर्यंतचे तिरपे, थेट अंतर घेऊन त्याला कोनाच्या ज्येने गुणायचे. वरच्याच झाडात लेसर शेंड्यापर्यंत १०१.८ मीटर दाखवेल. ४५ अंशांची ज्या ०.७०७१, गुणाकार ७२ मीटर. बुंध्यासाठीही तसेच करून ७ मीटर मिळवले की ७९ मीटर ही उंची झुकावाचा परिणाम न होता हाती येते. पानांतून लेसर नेमक्या टोकावर लागणे कठीण असते, म्हणून एकाच जागेवरून अनेक वाचने घ्यावीत, मग दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा घ्यावीत.

टास्मानियात सार्वजनिक वनजमिनीवरील ८५ मीटर उंच किंवा २८० घनमीटर खोडाचे झाड ‘महाकाय’ गणून राखले जाते. त्यामुळे काही मीटरची चूकही एखाद्या झाडाला संरक्षणाच्या आत किंवा बाहेर टाकू शकते. मोजणीत इतकी काटेकोरी हवी ती याच कारणाने.

कुठे आणि कधी जावे

मेलबर्नच्या पूर्वेस साधारण ४० किलोमीटरवर डँडेनाँग रांगेतील शेरब्रुकचे जंगल सर्वांत सोयीचे आहे. हील्सव्हिल ते नार्बेथाँग हा ब्लॅक स्पर घाटरस्ता सुंदर आहे, मात्र वळणावर गाडी थांबवू नये. टास्मानियात माउंट फील्ड राष्ट्रीय उद्यानातील उंच झाडांची पायवाट आणि स्टिक्स खोरे पाहावे. मार्च ते मे हा काळ उत्तम. उन्हाळ्यात वणव्याचा धोका जाहीर झालेल्या दिवशी जाऊ नये, आणि जोराचा वारा असताना तर अजिबात नाही. सुटलेली फांदी पन्नास मीटरवरून पडते आणि पूर्वसूचना देत नाही. बूट जाण्यापूर्वी आणि परतल्यावर घासून स्वच्छ करावेत, कारण मुळे कुजवणारी फायटोफ्थोरा ही रोगकारक सूक्ष्मजीवी मातीबरोबर एका जंगलातून दुसऱ्यात जाते.

नोंदवहीत तारीख, उभे राहण्याची जागा, वापरलेले साधन, प्रत्येक वाचन, शेंडा अखंड आहे की मोडका, घेर कोणत्या उंचीवर घेतला आणि आसपासच्या झाडांची पिढी कोणती वाटते, हे सर्व लिहावे. सरासरी काढून मूळ वाचने खोडू नयेत. फलक नसलेल्या, वाटेपासून आत असलेल्या मोठ्या झाडाचे नेमके स्थान समाजमाध्यमांवर टाकू नये. ते वनखात्याला किंवा उद्यान कार्यालयाला कळवावे. पुढे कधी त्याच झाडापाशी जाणे झाले तर त्याच जागी उभे राहून पुन्हा मोजावे. उंची वाढलेली नसली तरी घेरात पडलेला फरक त्या झाडाने मधल्या वर्षांत किती लाकूड घातले ते सांगेल.